भूल कोण देणार?

मार्च लागला की मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून घड्या करून ठेवायची. हातरुमालाएवढ्या. स्तनांच्या खाली जिथे कातडी कातडीला चिकटते तिथे त्या ठेवायच्या, दुपारच्या सुट्टीत शाळेच्या बाथरूममध्ये जाऊन बदलायच्या आणि ओल्या झालेल्या घड्या पिशवीत घालून घरी आणायच्या. वर्ध्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत त्या घडीखालची कातडी आधी लाल होते, मग सोलते, मग तिला वास यायला लागतो. बुरशीचं मलम लावलं की पंधरा दिवस बरं वाटायचं, सोळाव्या दिवशी पुन्हा तेच. धाकटीचं दूध सुटल्यापासून म्हणजे अठरा वर्षं माझं हे चाललं होतं.

खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी खाचा पडल्या होत्या. करंगळी आडवी ठेवली तर त्यात बसायची. फळ्यावर वरच्या ओळीत तारीख आणि सुविचार लिहिताना मान आणि उजवा खांदा असे दुखायचे की दोन ओळी झाल्या की खडू एखाद्या मुलीच्या हातात द्यायचा. हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, मानेचे फोटो काढले, एम.आर.आय. झाला, पट्टा झाला, व्यायाम झाले. मान का दुखते याचं खरं कारण मी कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. शिंप्याकडे मी मापाचं जुनं ब्लाउज द्यायची, टेप लावू द्यायची नाही.

आता हे सगळं उघड लिहिते आहे. माझं स्तन लहान करण्याचं ऑपरेशन झाल्याचं कळल्यापासून ओळखीच्या, बिनओळखीच्या बायका हळूच बाजूला घेऊन विचारतात. विचारतात तेही कुजबुजत. ज्या गोष्टीची लाज वाटते तिची आपण धड चौकशीही करत नाही, चार जणांना विचारत नाही, आणि मग जाहिरात दिसेल तिथे जाऊन पोचतो. मीही अशीच पोचले होते.

जाहिरात मोबाइलवर आली होती. ‘टाके नाहीत, व्रण नाही, दुपारी घरी.’ खाली एका बाईंचा फोटो, पांढरा कोट, नावापुढे डॉक्टर. बाई आहेत एवढं पाहूनच मी फोन लावला. पुरुष डॉक्टरसमोर ब्लाउज काढावं लागणार या भीतीने मी आजवर कुठे गेले नव्हते, त्यामुळे बाई म्हटल्यावर बाकी काहीच पाहिलं नाही. मिस्टरांना शाळेच्या कामाने नागपूरला जाते म्हणून सांगितलं.

क्लिनिक चकचकीत होतं. एसी, मंद दिवे, काचेच्या ग्लासात लिंबूपाणी. माझ्याशी अर्धा तास बोलली ती एक तरुण मुलगी, तिला सगळे ‘काउन्सेलर मॅडम’ म्हणत होते. तिने टॅबवर फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. डॉक्टर बाई पाच मिनिटांसाठी आल्या, कपड्यांवरूनच पाहिलं आणि म्हणाल्या, लायपोसक्शनने चरबी ओढून घेऊ, एक तासाचं काम आहे. एकूण पंच्याऐंशी हजार, आज बुकिंग केलं तर सत्तर. हप्त्यांची सोय होती. मी पाच हजार भरून आले.

बाहेर पडता पडता एकच प्रश्न माझ्या तोंडून गेला, तोही सहज. ‘भूल कोण देणार?’ काउन्सेलर म्हणाली, ‘भुलीचं काही नाही हो मॅडम, जागेपुरतं इंजेक्शन असतं, आम्हीच देतो.’ बरं म्हटलं आणि वर्ध्याची गाडी पकडली.

माझी एक मावशी आहे, आईची चुलतबहीण. नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नर्स होती, त्यातली बरीच वर्षं जळित विभागात काढली. आता निवृत्त. ऑपरेशनच्या दिवशी कुणाला तरी सोबत न्यायचं म्हणून तिला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘डिग्री काय आहे त्या बाईची?’

मी म्हटलं, डॉक्टर आहेत.

‘अवं पण कायची डॉक्टर? कागदावर काय लिहिलं हाय, वाच मले.’

मी पर्समधून क्लिनिकचा कागद काढला आणि फोनवर वाचायला लागले. नावाखाली तीन ओळी होत्या. फेलोशिप इन एस्थेटिक मेडिसिन. सर्टिफाइड कॉस्मेटिक सर्जन. कुठल्याशा आंतरराष्ट्रीय अकादमीच्या सदस्य. एम.बी.बी.एस. कुठे नव्हतं, एम.एस. नव्हतं, नोंदणी क्रमांक नव्हता. दर जूनमध्ये नव्या मुलांचे दाखले माझ्याकडे येतात. शिक्का, सही, जावक क्रमांक, अक्षरी जन्मतारीख आकडी जन्मतारखेशी जुळते की नाही, हे सगळं पाहिल्याशिवाय मी एक नाव हजेरीपटावर चढवत नाही. आणि जी बाई माझ्या अंगाला सुई लावणार तिच्या कागदावर नोंदणी क्रमांक आहे का, हे मी पाहिलं नव्हतं. तो कागद हातात धरून मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते.

त्या रविवारी मावशीकडे गेले आणि तिने मला जे समजावलं ते सविस्तर लिहिते, कारण हे कुणी कुणाला सांगत नाही.

‘कॉस्मेटिक सर्जन’ ही आपल्याकडची पदवी नाही. कुणीही पाटीवर लिहू शकतो. पदवी असते ती प्लास्टिक सर्जरीची. आधी एम.बी.बी.एस., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग तीन वर्षं जनरल सर्जरीचं एम.एस. किंवा डी.एन.बी. आणि त्यावर आणखी तीन वर्षं प्लास्टिक सर्जरीचं एम.सीएच., नाहीतर राष्ट्रीय बोर्डाची तेवढीच पदवी. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षं, तीही कुठे खंड पडला नाही तर. त्वचारोगाचे एम.डी. असतात, दातांच्या शस्त्रक्रियेचे एम.डी.एस. असतात, त्यांचं त्यांचं शिक्षण खरं असतं आणि चेहऱ्याची, कातडीची काही कामं ते करतात. पण स्तनाचं ऑपरेशन हे त्यांचं काम नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्याचं तर नाहीच. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केस रोपणाबद्दल सूचना काढल्या, त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे की कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून सौंदर्यशस्त्रक्रियांचं प्रशिक्षण पुरं होत नाही. हे सरकारी कागदावर लिहायची वेळ आली, यावरून बाहेर काय चाललं असेल ते समजावं.

मावशी जळित विभागातलं सांगत होती. स्टोव्हने जळालेल्या, पेटवलेल्या बाया यायच्या. हनुवटी छातीला चिकटलेली, बोटं तळहाताला चिकटलेली. प्लास्टिक सर्जन मांडीची कातडी घेऊन ती मान सोडवायचे, एकेक बोट सोडवायचे. ‘हे ज्यानं वर्षानुवर्षं केलं त्याले कातडीतलं रक्त कसं चालते ते समजते,’ ती म्हणाली. ‘चरबी ओढाले काय, मशीन कोणीबी चालवते. मध्यात बिघडलं तर?’ देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्याच मेडिकलमध्ये सुरू केला, हे मला तेव्हा तिच्याकडून कळलं. वर्ध्याहून सव्वा तासावरच्या गावात हे असताना मी काचेच्या ग्लासातलं लिंबूपाणी पिऊन आले होते.

मग आम्ही दोघींनी तिच्या नातवाच्या लॅपटॉपवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची वेबसाइट उघडली. डॉक्टरचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकला की नोंद दिसते. फुकट असतं, दहा मिनिटं लागतात. त्या बाईंचं नाव टाकलं. नाही. आडनाव आधी टाकलं, माहेरचं असेल म्हणून नुसतं पहिलं नाव टाकलं. नाही. दुसऱ्या एखाद्या पॅथीची त्यांची पदवी असेल, त्या परिषदेत नोंदही असेल, पण माझ्यावर शस्त्रक्रिया करायला ती चालणार नव्हती. मी क्लिनिकला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवर लिहायचा असतो, म्हणजे मी काही जगावेगळं मागत नव्हते. तिकडून आवाज एकदम बदलला. ‘मॅडम, तुम्हाला विश्वास नसेल तर राहू द्या, पण टोकन परत मिळत नाही.’

पाच हजार गेले. मिस्टरांना त्या रात्री सगळं सांगितलं. पैशांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ‘एवढं दुखत होतं तर मला का नाही सांगितलं?’ एवढंच म्हणाले.

सासूबाईंचं वेगळं होतं. प्लास्टिक सर्जरी म्हटल्यावर त्यांना वाटलं, अंगात प्लास्टिक घालणार. मावशीनेच त्यांना समजावलं की हा शब्द घडवणं, आकार देणं या अर्थाचा आहे, बादलीच्या प्लास्टिकहून जुना. ‘देवानं दिलेलं कापायचं कशाला’ हे मात्र त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. त्यांच्यासमोर एकदा ब्लाउजचा खांदा सरकवून ती खाच दाखवली, त्यानंतर म्हणणं कमी झालं.

मावशीने जुन्या सहकाऱ्यांना विचारून तीन नावं दिली. तिन्ही नावं आम्ही कौन्सिलच्या यादीत पाहिली, तिघांच्याही नोंदी होत्या. प्लास्टिक सर्जनांच्या देशपातळीवरच्या संघटनेची सदस्ययादी असते, तीही पाहिली. एकाच्या नोंदीत फक्त एम.बी.बी.एस. दिसत होतं. मी लगेच फुली मारायला निघाले, मावशी म्हणाली थांब, पुढची पदवी नोंदवायची राहून गेलेली असते कधीकधी, विचार त्याले. विचारलं, तर अतिरिक्त पदवीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र त्यांच्या केबिनमध्ये लावलेलंच होतं.

पहिले डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलातले, पदवी चोख. त्यांना मी चार मिनिटं भेटले असेन. ‘करून टाकू, काही प्रॉब्लेम नाही.’ मी विचारलं, काय बिघडू शकतं? ‘ते टेन्शन आमच्यावर सोडा, बाई.’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की पदवी म्हणजे फाटकाच्या आत यायची परवानगी, पुढचं आपल्यालाच पाहायचं आहे. ते वाईट सर्जन असतील असं मी म्हणत नाही. पण माझी छाती, माझं टेन्शन, ते दुसऱ्यावर कसं सोडणार?

दुसरे डॉक्टर वयस्कर. कारखान्यात, शेतात तुटलेली बोटं जोडण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं, ‘मी करू शकतो, पण वर्षाला अशा दोन-तीनच करतो. माझ्या बहिणीला मी स्वतःकडे ठेवलं नसतं.’ आणि एका चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. मावशीच्या यादीतलं तिसरं नाव तेच होतं. त्यांनी फी घेतली नाही, त्याहूनही त्यांनी ‘मी नाही’ म्हटलं याचं मला आजही फार वाटतं.

तिसरे डॉक्टर नागपूरच्या धंतोलीत बसतात. मी पुन्हा त्याच भीतीने आत गेले, कारण पुरुषच. पण तपासताना वॉर्डातल्या सिस्टर पूर्ण वेळ पडद्याच्या आत माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांना बोलवायला मला सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी शिंप्यासारखी टेप घेतली, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजलं आणि सिस्टरना सांगितलं, उजवीकडे चौतीस सेंटिमीटर, डावीकडे तेहेतीस. सर्वसाधारण बाईचं हे एकवीस-बावीसच्या आसपास असतं म्हणाले. अठरा वर्षांत माझ्या त्रासाला पहिल्यांदा आकडा मिळाला. मला रडू आलं, सिस्टरनी पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर काढून दाखवलं. नुसत्या लायपोसक्शनने चरबी कमी होते, पण ओघळलेली कातडी तशीच लोंबते, म्हणून माझ्या बाबतीत ते चालणार नव्हतं. कापावं लागेल आणि व्रण राहील. काळ्या भागाभोवती गोल, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत आडवा, उलट्या ‘टी’सारखा. ‘हा जन्मभर राहणार. आपल्याकडच्या कातडीत कधी जाड आणि काळाही होतो.’ स्तनाग्र सहसा काढून पुन्हा शिवत नाहीत. ते मांसाच्या एका देठावर ठेवून वर सरकवतात आणि त्या देठातूनच त्याला रक्त मिळत राहतं. ‘देठाचं रक्त कमी पडलं तर ते काळं पडतं, क्वचित गमावावं लागतं. साखर असेल, तंबाखू असेल तर धोका वाढतो. संवेदना कमी होऊ शकते. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या होणार नाहीत. जिथे टाक्यांची उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे जखम थोडी उघडते, ते पुष्कळदा होतं.’ मी विचारायच्या आधी हे सगळं त्यांनी सांगितलं.

त्यांनी मलाही पुष्कळ विचारलं. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग? आणखी मूल हवंय का, कारण पुढे दूध पाजणं जमेलच असं नाही. खर्रा, तंबाखू, मशेरी? ॲस्पिरिन? मॅमोग्राफी सांगितली, रक्त सांगितलं. फोटो दाखवले तेही चांगले-वाईट दोन्ही, चेहरे झाकलेले, एका बाईचा व्रण चांगलाच जाड झालेला होता. त्या बायांनी दाखवायला लेखी परवानगी दिली आहे असं स्वतःहून म्हणाले. तेव्हा मला त्या क्लिनिकचे टॅबवरचे फोटो आठवले. घरी येऊन मुलीने त्यांच्या जाहिरातीतला एक फोटो इंटरनेटवर शोधला, तर तोच फोटो परदेशातल्या एका दवाखान्याच्या पानावर निघाला.

माझ्याकडे वहीत प्रश्न लिहिलेले होते. गेल्या वर्षी अशी किती ऑपरेशन्स केलीत? (त्यांनी डायरी काढून मोजून सांगितली, अंदाजे नाही.) ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार की सहायक? दुसरं काही करायची पाळी आली तर वेगळे पैसे? रात्री दोनला त्रास झाला तर मी कुणाला फोन करायचा? आणि तो प्रश्न, जो पहिल्या वेळी जाता जाता तोंडातून गेला होता, तो या वेळी मी वहीत सगळ्यात वर लिहिला होता.

‘भूल एम.डी. ॲनेस्थेशियाचे डॉक्टर देतील. पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी असतील. आदल्या आठवड्यात त्यांना भेटा, त्यांनी नको म्हटलं तर मीही करणार नाही.’

जागेपुरत्या भुलीचं औषध म्हणजे लिग्नोकेन. जास्त प्रमाणात अंगात गेलं तर मेंदूवर आणि हृदयावर परिणाम होतो, झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. लायपोसक्शनमध्ये ते पाण्यात मिसळून भरपूर सोडतात, म्हणून वजनावर हिशोब करावा लागतो आणि गडबड झाली तर सावरणारा माणूस, यंत्रं, ऑक्सिजन शेजारी लागतात. हे मला भुलीच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. ‘आम्हीच देतो’ याचा अर्थ तेव्हा कळला.

धंतोलीच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत एक जुनं चित्र लावलेलं आहे, डोक्याला पागोटं बांधलेला एक माणूस, कपाळावर मोठा व्रण. वाट पाहताना मी त्याबद्दल विचारलं. तो कावसजी. इंग्रज फौजेतला बैलगाडीवान, टिपूच्या सैनिकांनी पकडून त्याचं नाक आणि हात कापला. पुण्याजवळ, कुंभार-विटकरी जातीच्या म्हणून नोंद असलेल्या एका कारागिराने मेणाचा पातळ पत्रा करून नाकाचं माप घेतलं, कपाळाची कातडी तेवढीच कापून वळवली आणि नवं नाक केलं. दोन इंग्रज वैद्यांनी ते पाहिलं, १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकिकत छापून आली आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिकडे तसं ऑपरेशन केलं. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याची हळहळ डॉक्टरांच्या बोलण्यात होती. कातडीला देठ ठेवून वळवायची तीच युक्ती माझ्यासाठी वापरणार होते.

मी लगेच तारीख मागितली. त्यांनी दिली नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ आली होती. ‘सातच्या आत आणा, मग बोलू.’ आगाऊ रक्कमही घेतली नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी रोज पहाटे चालले, भात सोडला, गोळ्या बदलल्या. ६.८ आली त्या दिवशी रिपोर्टचा फोटो त्यांना पाठवला. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली.

पैशांचं थोडक्यात. सगळं धरून एक लाख अडुसष्ट हजार झाले, त्यात भूल, हॉस्पिटल, तपासणी सगळं आलं, आणि आधी लिहून दिलं होतं त्यापेक्षा तेराशे रुपये जास्त लागले. आरोग्यविम्याच्या अटींत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण वैद्यकीय गरज म्हणून केलेल्या उपचाराला त्यात अपवाद आहे. डॉक्टरांनी तसं प्रमाणपत्र दिलं, माझ्या कंपनीने तरी दावा नाकारला. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं.

आधी एकदा हॉस्पिटल पाहून आले होते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालचं प्रमाणपत्र दर्शनी भागात होतं, मुदत संपलेली नव्हती. २०२१ च्या नियमांपासून लावावी लागते ती रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक होतं. अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर. संमतिपत्र इंग्रजीत होतं. मी मराठीत मागितलं, तर सिस्टरनी कपाटातून काढून दिलं. मागणाऱ्या कमी असतात, म्हणाल्या.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी मला उभं करून जांभळ्या पेनाने खुणा केल्या. पाऊण तास नाही, पण वीस-पंचवीस मिनिटं नक्की. रेघ ओढायची, दोन पावलं मागे जाऊन पाहायचं, पुन्हा टेप लावायची. झोपवल्यावर आकार बदलतो, म्हणून उभंच. मग आरसा दिला आणि म्हणाले, ‘पाहून घ्या, इथे येणार.’ मी आरशात स्वतःला इतकं सरळ कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. लाज त्या वेळेपर्यंत कुठे गेली होती कुणास ठाऊक.

साडेतीन तास लागले. उजवीकडून ७१० ग्रॅम, डावीकडून ६५५. काढलेला सगळा भाग तपासणीला पाठवला, रिपोर्ट स्वच्छ आला. संध्याकाळीच पायांत घट्ट मोजे घालून चालवलं, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. दोन नळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या. दुखणं होतं, पण मानेच्या दुखण्याची सवय असलेल्या बाईला ते मोठं वाटलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेअकराला डावीकडचा कपडा ओला लागला. पाहिलं तर जिथे ती उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे नखाएवढी जागा उघडली होती. हात थरथरत होते. डॉक्टरांना फोन केला, तिसऱ्या रिंगला उचलला. फोटो मागवला, पाहिला, ताप आहे का विचारलं, काय लावून झाकायचं ते सांगितलं आणि सकाळी नऊला या म्हणाले. ‘मी सांगितलं होतं ना, इथेच उघडतं. घाबरू नका.’ जखम भरायला तीन आठवडे लागले, दर चार दिवसांनी ड्रेसिंग, ती फी वेगळी घेतली नाही. सासूबाई घरी पट्टी बदलायला मदत करायच्या, तोंडाने देवाचं नाव आणि हाताने कापूस.

डाव्या स्तनाग्राला अजून पूर्ण जाणीव आलेली नाही, कदाचित येणारही नाही. उजव्या बाजूचा व्रण काखेकडच्या टोकाला जाड झालाय, त्याला सिलिकॉनची पट्टी लावते. मला हे चालतं, कारण हे होऊ शकतं असं मला आधी माहीत होतं आणि तरी मी हो म्हटलं होतं. खांद्यांवरच्या खाचा बुजल्या नाहीत, उथळ झाल्यात. मार्चमध्ये कपाटातून साडीच्या पट्ट्या निघाल्या, त्या शाळेत फळा पुसायला नेल्या.

मागच्या आठवड्यात आर्वीकडच्या एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. पोटाचं ऑपरेशन ठरवलंय, सिझेरियननंतर लोंबलेलं. तारीख मिळाली आहे, बुकिंगचे पैसे शनिवारी भरायचे आहेत. मी म्हटलं, नाव सांगा, आणि फोन चालू ठेवून दोघींनी एकाच वेळी कौन्सिलची यादी उघडली. नाव सापडलं नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, आडनाव आधी टाकून पाहिलं, नाही. मग त्यांनी माझ्याच सांगण्यावरून क्लिनिकला फोन करून नोंदणी क्रमांक आणि भुलीच्या डॉक्टरांचं नाव विचारलं. सर ऑपरेशनमध्ये आहेत, नंबर व्हॉट्सॲप करतो, असं सांगितलं म्हणे. तो सोमवार होता. आज शुक्रवार, नंबर अजून आलेला नाही, आणि बाईंनी पैसे भरलेले नाहीत.